चोवीस पटींची दुर्बीण

विलो क्रीक, मोंटाना
३ मार्च १९९१

वेंडेल,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस आणि मग मी फोन आपटते. कागदावर तरी तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

अर्नची दुर्बीण गेली. अर्न गेला त्याला चार वर्षं झाली, आता त्याच्या रायफलवरची दुर्बीणही गेली. कुंपणाला रायफल टेकवून मी फाटक लावत होते, तेवढ्यात त्या शिंगाळ्या मेंढ्याने धडक मारली. रायफल दगडावर पडली, काच तडकली. मेंढा ठणठणीत आहे. त्याला कधीच काही होत नाही, हेच तर दुःख आहे.

शनिवारी नवी दुर्बीण बघायला गावात गेले. दुकानात एक मिशाळ गृहस्थ होता. मला बघून म्हणाला, "आजी, कोणासाठी घ्यायचीय? यजमानांना घेऊन या ना, त्यांना बरोबर कळेल." म्हटलं, "यजमान दफनभूमीत आहेत. त्यांना उठवायचं असेल तर तू जा." तरी याचं काही हललं नाही. मी त्याला नीट समजावून सांगितलं, की बाबा रे, आमचा कुत्रा रूफस त्या लांडग्याच्या धाकट्या भावांच्या, कोयोटांच्या, बिळाकडे जातो. पिल्लांचे आईबाप चवताळून त्याच्या मागे लागतात आणि तो पळत पळत त्यांना माझ्या पुढ्यात घेऊन येतो. चाळीस पावलांवर आले की मी शीळ घालते, कुत्रा पोटावर सपाट पडतो, आणि जे उभं राहतं त्याला मी गोळी घालते. तर हा म्हणतो, "असं काही असतं का, आजी?" आणि मग त्याने मला पाखरं बघायची दुर्बीण काढून दाखवली. पाखरं! मी बारा वर्षांची असल्यापासून कोयोट मारतेय. याला मिसरूड फुटायच्या आत माझे शंभर झाले होते. संतापाने माझी मोटार दोनदा बंद पडली, म्हणजे मीच पाडली.

शाळेमागच्या टेकाडात तीच जोडी यंदा पुन्हा बीळ धरून बसलीय. गेल्या वसंतात त्यांनी माझी एकतीस कोकरं मारली. खाल्लीही नाहीत धड, नुसते गळे फोडून टाकून दिली. या महिनाअखेरीस मेंढ्या व्यायला लागतील. बाबांच्या कळपातल्या एकशे ऐंशीच उरल्यात. यंदाही तसंच झालं तर कळप मोडावा लागेल, आणि मग मी इथे बसून काय करू? खिडकीतून गवत बघू?

तेव्हा एका ओळीत सांग: रूफसबरोबर जाताना कोणती दुर्बीण वापरू? तू तिकडे बोईसीत आठवड्यातले तीन दिवस बंदुकांच्या दुकानात उभा राहतोस, त्याचा बहिणीला काहीतरी उपयोग होऊ दे.

तुझा रूफस मजेत आहे. नोव्हेंबरात तू त्याला इथे सोडून गेलास तेव्हापासून चुलीपुढे लोळतोय. तीनदा हाक मारली तरी कान हलवत नाही. पाय आपटला की मग साहेब उठतात. तू लाडावून ठेवलायस. आणि हो, गेल्या ऑगस्टात त्याला कामाला घेऊन गेलो होतो तेव्हा ते टोपी वर करून हलवण्याचं काय खूळ होतं तुझं? सर्कशीतला विदूषक शोभत होतास. मी शीळ घालत होते आणि तू आपला टोपी नाचवत होतास.

— थेल्मा


बोईसी, आयडाहो
१२ मार्च १९९१

प्रिय थेल्मा,

एका ओळीत! दुर्बिणीबद्दल! डॉक्टरला कोणी विचारतं का, की एका ओळीत सांगा माणूस कशाने मरतो?

तुझ्या माहितीसाठी सोबत नऊ पानांची टिपणं जोडली आहेत. काचेवरचे लेप, उजेड किती आत येतो, मधली फुली जाड की बारीक, गोळी वाऱ्याने किती सरकते, सगळं लिहिलंय. सावकाश वाच. पण तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू चूल पेटवायला घेशील, म्हणून मी सरळ दुर्बीणच पाठवतोय. पार्सल वेगळं येईल. भेट समज. नाही म्हणू नकोस.

अर्नची जुनी दुर्बीण अडीच पटींची होती. अडीच! त्यापेक्षा बाटलीच्या बुडातून बघितलेलं बरं. ही सहापासून चोवीस पटींपर्यंत जाते. आमच्या क्लबात आम्ही सहाशे पावलांवर लोखंडी पत्रे पाडतो ते हिच्यावरच. चोवीसवर ठेवलीस तर कोयोटाच्या मिशा मोजशील. माझा सल्ला विचारशील तर कडं फिरवून चोवीसवर ठेव आणि तिथेच राहू दे. जवळचं असो, लांबचं असो, मोठं दिसलेलं कधी वाईट नसतं.

मिशाळ गृहस्थाबद्दल वाचून वाईट वाटलं. आमच्या दुकानात बायकांशी असं कोणी बोलत नाही. मी बोलू देत नाही.

रूफसवर ओरडत जाऊ नकोस. हट्टी नाही तो, वय झालंय. त्याच्या समोर जाऊन उभी राहा, मग येतो. रात्री त्याच्या मागच्या पायांना हात फिरवलेला आवडतो. इथे बिल्डिंगमध्ये कुत्रा ठेवू देत नाहीत. कालच जिन्यात कोणाचा तरी पट्टा वाजला आणि मी दार उघडून बघितलं. शेजारणीच्या किल्ल्या होत्या.

तुझा,
वेंडेल


विलो क्रीक
२७ मार्च १९९१

वेंडेल,

पार्सल पोचलं. टपालवाल्याने दोन्ही हातांनी उचलून दिलं आणि विचारलं, "काय मागवलंस, थेल्मा, स्टोव्हचं नळकांडं?"

तुला विचारलं हेच चुकलं माझं. हात दाखवून अवलक्षण! मी अंगणातला उंदीर मारायला काठी मागितली, तू तोफ पाठवलीस. रायफलवर चढवली तर रायफल दिसेनाशी झाली. वजन असं, की टेकडी चढेपर्यंत खांदा भरून येतो. तिला तीन चकत्या आहेत. एक फिरवली की जग मोठं होतं, दुसरी फिरवली की धूसर होतं, तिसरी कशासाठी आहे ते तुझ्या नवव्या पानावर असेल, पण ते पान मी खरंच चुलीत घातलं.

शेजारचा क्लाइड बघायला आला होता. बराच वेळ त्याने तिच्यातून माझ्या गोठ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "छान आहे गं. खिळ्याचं डोकं दिसतंय. गोठा कुठाय?" मग तो हसला आणि मी त्याला कॉफी दिली नाही.

वेंडेल, मी चंद्रावरचे डोंगर मोजायला निघालेली नाही! माझं जनावर चाळीस पावलांवर असतं आणि ते पळत असतं. बोईसीत बसून तू उंटावरून शेळ्या हाकतोयस, पण मेंढ्या माझ्या आहेत. परवापासून त्या व्यायला लागल्या. पहिल्याच रात्रीची तीन कोकरं सकाळी ओढ्याकाठी सापडली, गळे फोडलेली. जुळ्यांमधलं एक होतं त्यात. आई अजून त्या जागेवर जाऊन ओरडते, दुसऱ्याला पाजतच नाही.

दुर्बीण परत पाठवायला वेळ नाही आणि दुसरी आणायला गावात त्या मिशाळापुढे उभी राहणार नाही, मेले तरी. म्हणून हीच वापरीन. पण मला आवडलीय असं समजू नकोस.

— थेल्मा


बोईसी
६ एप्रिल १९९१

थेल्मा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा मला राग आला. एखाद्याने भेट दिली तर जगात लोक 'आभारी आहे' म्हणतात. दोन शब्द आहेत, जीभ झिजत नाही. नाचता येईना अंगण वाकडं असं झालंय तुझं. ती दुर्बीण घेण्यासाठी लोक आमच्या दुकानात नाव नोंदवून ठेवतात. आणि क्लाइडचं मत तू मला काय सांगतेस? क्लाइडने एकदा गोळीने स्वतःच्या पिकअपचा टायर फोडला होता, मोकळ्या माळावर, आणि तोही उभ्या असलेल्या पिकअपचा.

पुन्हा सांगतो: चोवीसवर ठेव. आधी बीळ नीट बघून घे, पिल्लं आहेत का ते बघ, मग कुत्रा सोड. शास्त्र आहे ते.

कोकरांचं वाचून मात्र जेवण गेलं नाही. बाबा असते तर ओढ्याकाठी आठ दिवस मुक्काम टाकून बसले असते.

रूफसला कामाला कधी नेतेयस? त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगायची आहे, पण ती कागदावर नको. मे अखेरीस लोकर कातरायला मी येतोच आहे, तेव्हा समोरासमोर सांगेन. तशी मोठी गोष्ट नाही. त्याला तोवर नेलं नाहीस तरी चालेल. म्हणजे न्यायचं तर ने, तुझी कोकरं आहेत. पण सांभाळून.

वेंडेल


विलो क्रीक
२४ एप्रिल १९९१

वेंडेल,

तुझी दुर्बीण परत पाठवलीय. आजच्या टपालाने गेली. पुन्हा पाठवलीस तर ओढ्यात टाकीन.

असली वस्तू विकणाऱ्याला आणि ती कोणाला तरी वापरायला सांगणाऱ्याला लाज वाटायला हवी. मिशा मोजशील म्हणे! मिशाच दिसतात तिच्यातून, जनावर दिसत नाही. तुझं शास्त्र, तुझी नऊ पानं आणि तुझा क्लब, सगळं तुझ्यापाशी ठेव. आपल्या घरात कधी कोणी चाळीस पावलांचं जनावर चोवीस पट मोठं करून बघितलं नव्हतं, आणि सगळ्यांचं बरं चाललं होतं.

कातरणीला यायची गरज नाही. माणसं मिळालीत.

— थेल्मा


बोईसी
१ मे १९९१

थेल्मा,

खोकं पोचलं. माझ्या सख्ख्या बहिणीने माझी भेट जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून परत पाठवली. मी दोन दिवस त्या खोक्याला हात लावला नाही. कातरणीला पस्तीस वर्षांत मी एकदाही चुकलो नाही, लग्नाच्या वर्षीसुद्धा नाही, आणि तू मला 'माणसं मिळालीत' लिहितेस! मी मजूर आहे का तुझा?

काल शेवटी खोकं उघडलं. कडं चोवीसवर होतं. काचेच्या कडेला वाळलेला चिखल होता आणि त्यात केस अडकले होते. लालसर. कोयोटाचे केस मला कळतात, थेल्मा. ते करडे असतात आणि टोकाला काळे.

मी तुझी सगळी पत्रं काढून बघितली. मार्चच्या पहिल्या पत्रानंतर रूफसबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. मी विचारलं तरी नाही. काल फोन केला, तू उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. तुझा श्वास ऐकू आला मला.

मला दुर्बिणीचं काही ऐकायचं नाही. रूफस कसा आहे?

वेंडेल


विलो क्रीक
९ मे १९९१

वेंडेल,

रूफस जिवंत आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू वाचशील.

१९ एप्रिलला, शुक्रवारी सकाळी, मी त्याला शाळेमागे घेऊन गेले. तोवर अकरा कोकरं गेली होती. वारा समोरून होता, ऊन पाठीमागे होतं. याहून चांगली सकाळ मागून मिळत नाही. मी खडकाआड पोटावर पडले आणि तू सांगितलंस तसं चोवीसवर बीळ बघितलं. तोंडाशी दोन पिल्लं खेळत होती. अगदी खरं सांगायचं तर मला वाटलं, वेंडेल वेडा असला तरी काच चांगली आहे. मग रूफसला सोडलं.

काय गेला तो! बारा वर्षांचं म्हातारं कुत्रं, पण टेकाड बघितलं आणि अंगात आलं त्याच्या. बिळापाशी पोचायच्या आत दोन्ही कोयोट त्याच्यावर तुटून पडले. त्याने त्यांना एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं, आणि मग शेपटीला बांधून आणल्यासारखं त्यांना सरळ माझ्याकडे घेऊन आला. तिघे एका गुंत्यात, धूळ उडवत, ऐंशी पावलं, साठ, चाळीस. मी डोळा लावला. कडं फिरवायचं राहिलं. तेवढ्या घाईत कोणाच्या लक्षात येतं? मला नुसतं गवत दिसलं, केरसुणीएवढं जाड.

मी शीळ घातली.

तुला माहीत आहे, मला माहीत आहे, बाबांनी आपल्याला बोलायच्या आधी शिकवलंय: शीळ वाजली की कुत्रा आडवा, जे उभं ते कोयोट. मी एक श्वास थांबले. पुन्हा घातली, जोरात. काचेत केस आले. काच भरून नुसते केस, ऊन पडलेले, उभे, हलणारे. डोकं दिसत नव्हतं, शेपूट दिसत नव्हती. पण उभं होतं ना! म्हणजे रूफस नव्हे. चोपन्न वर्षांत हे कधी चुकलं नाही. मी चाप ओढला.

मान वर केली तर दोन कोयोट टेकाडावरून पलीकडे उतरत होते आणि रूफस उठायचा प्रयत्न करत होता.

पुढचा डावा पाय होता. माझ्या कोटात गुंडाळून त्याला पिकअपपर्यंत नेलं. तो ओरडला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला, पुढे काय करायचं ते मी सांगेन म्हणून. गुरांचे डॉक्टर लिंडक्विस्ट तिकडे पन्नास मैलांवर, आणि मी सबंध रस्ता तुला शिव्या देत गेले. दुर्बिणीला, तुला, त्या मिशाळाला. पाय काढावा लागला. घरी आल्यावर तुला ते पत्र लिहिलं. दुर्बिणीबद्दल खोटं एकही अक्षर नव्हतं त्यात, पण खरं होतं तेवढं मी दडवलं. माझ्या हाताने तुझ्या कुत्र्याला गोळी घातली हे लिहवेना, म्हणून काचेला शिव्या घातल्या. काचेची चूक होती, ती आहेच. पण कडं माझ्या हाताशी होतं, तेही खरं. मी लाजेने मेले, वेंडेल.

आता पुढचं ऐक, कारण माझं रडून झालंय आणि आता मला राग आलाय.

परवा पट्टी बदलायला रूफसला घेऊन गेले होते. डॉक्टरांच्या मदतनीस बाईच्या हातून लोखंडी तसराळं फरशीवर पडलं. पिंजऱ्यातली सगळी कुत्री भुंकायला लागली, मी स्वतः दचकले. रूफस वाडग्यातलं दूध चाटत होता, चाटतच राहिला. डॉक्टरांनी त्याच्या मागे उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग माझी शीळ घालायला लावली. काही नाही. म्हणाले, "थेल्मा, हा ठार बहिरा आहे. आणि हे काही आजचं नाही, वर्षभर तरी झालं असेल."

मी घरी येऊन खुर्चीत बसले आणि एकेक गोष्ट आठवत गेले. हाक मारली तरी कान न हलवणारा. पाय आपटला की उठणारा. 'समोर जाऊन उभी राहा, मग येतो.' 'मोठी गोष्ट नाही, समोरासमोर सांगेन.'

तुला माहीत होतं का? एका ओळीत उत्तर दे.

— थेल्मा


बोईसी
१५ मे १९९१

थेल्मा,

हो.

दोन हिवाळ्यांपूर्वी डावा कान गेला, गेल्या वर्षी जूनमध्ये उजवा. मी त्याला टोपी शिकवली. टोपी वर केली की तो बसतो. पळताना तो नेहमी आपल्या माणसाकडेच बघत येतो, म्हणून जमलं. ऑगस्टात तुझ्या शिळेवर तो कधी बसलाच नाही. माझ्या टोपीवर बसत होता.

का सांगितलं नाही ते विचारशील. मला बोईसीला यावं लागलं, गुडघे संपले होते, मुलगी ऐकेना, आणि रूफसला तुझ्याशिवाय कुठेच ठेवता आलं नसतं. बहिरा म्हटल्यावर तू घेतला असतास का? आपल्या घरी कामातून गेलेल्या कुत्र्याचं काय करतात? मी नऊ वर्षांचा होतो. बाबांनी म्हाताऱ्या शेपला गोठ्यामागे नेलं आणि बंदूक तू नेऊन दिलीस. मी खिडकीतून बघितलं होतं. बावन्न वर्षं झाली, मी विसरलो नाही. मला वाटलं, तू रूफसला गोठ्यामागे नेशील.

मग तू दुर्बीण विचारलीस. प्रत्येक पत्रात सांगायचं म्हणून बसलो आणि प्रत्येक वेळी काचेबद्दल लिहीत सुटलो. काचेचं मला माहीत होतं ना, त्यामुळे ते सोपं होतं. चाळीस पावलांवर चोवीस पट वापरत नाहीत, हे क्लाइडलासुद्धा कळतं. मीच क्लबात लोखंडी पत्रे पाडत बसलो आणि विसरलो.

तो मला विसरला असेल तर बरं.

वेंडेल


विलो क्रीक
२३ मे १९९१

वेंडेल,

तुझं पत्र वाचून मी अंगणात गेले आणि पाण्याच्या बादलीला लाथ मारली. ती अजून तिथेच पडली आहे.

'टोपी वर केली की तो बसतो.' सहा शब्द! मी मोजले. नऊ पानं लिहिलीस तू मला. काचेवरचे लेप लिहिलेस, वारा लिहिलास, शेजारणीच्या किल्ल्या लिहिल्यास. त्यात हे सहा शब्द मावले नाहीत? मी त्या खडकाआड पडून दोनदा शीळ घातली. त्याने ती ऐकली नाही आणि तो माझ्याकडे बघत होता, वेंडेल! टोपीची वाट बघत होता. डोक्यावर टोपी होती माझ्या. नुसता हात वर करायचा होता.

आणि शेपचं. ते तू बावन्न वर्षं पोटात ठेवलंस आणि मला एकदाही विचारलं नाहीस. मी चौदा वर्षांची होते. शेपच्या पोटात गाठ होती, तो चार दिवस काही खात नव्हता. बाबांना काडतूस भरवेना. म्हणून बंदूक मी भरून दिली. परत येताना बाबा गोठ्याच्या भिंतीला टेकून रडले आणि म्हणाले, वेंडेलला सांगू नकोस. मी सांगितलं नाही. तू खिडकीतून अर्धंच बघितलंस आणि त्यावरून तुझ्या बहिणीला ओळखलंस! बहिरा कुत्रा मी घेतला नसता? मी तुझ्यासारख्या माणसाला एकसष्ट वर्षं भाऊ म्हणून ठेवून घेतलंय, तुला तर बोललेलंही ऐकू येत नाही.

कोयोटाचं सांगते, कारण तेही तू विचारलं नाहीस. क्लाइडने आपली जुनी चार पटींची दुर्बीण काढून दिली आणि स्वतः माझ्या रायफलवर बसवून दिली. गेल्या मंगळवारी सकाळी मी ओढ्यात बसून घायाळ सशासारखी ओरडले आणि आयतं सावज समजून नर तीस पावलांवर आला. अख्खा दिसला, कानापासून शेपटीपर्यंत, आणि त्याच्या आजूबाजूचं गवतही दिसलं. तेव्हापासून एकही कोकरू गेलेलं नाही. एकशे चौऱ्याहत्तर आहेत ती. कळप राहतोय.

रूफस तीन पायांवर चालतो, पळतोसुद्धा, फक्त वळताना पडतो. तुला विसरलेला नाही. रोज सकाळी पिकअपच्या दारापाशी जाऊन बसतो आणि मला कामाला चल म्हणून बघतो. मी त्याला 'नाही' म्हणते, पण त्याला ऐकू कुठे येतं? काल मी माझी टोपी काढून वर धरली, बस म्हणून. त्याने माझ्याकडे बघितलं, टोपीकडे बघितलं आणि मान फिरवून रस्त्याकडे बघत बसला. त्याला तुझी ती राखाडी टोपी पाहिजे.

कातरणी एक जूनला आहे. माणसं मिळालेली नाहीत, ते मी खोटं लिहिलं होतं.

आणि टोपी टपालाने पाठवू नकोस. तू टपालाने पाठवलेल्या वस्तूंचा मला चांगला अनुभव नाही. डोक्यावर घालून आण.

— थेल्मा